पेजेसोबतचा बांगडा

शेजारी कुणी खारा बांगडा भाजायला घेतला की मी आजही नाक दाबून खिडकी लावते. लालबागच्या आमच्या चाळीत त्या वासाने सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, माझ्याही, त्या एका दुपारपर्यंत. वडिलांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, पाय सुजले होते. किडनीवर ताण येतोय, मीठ अगदी कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी कामावरून लवकर आले, तर गावाहून आलेली आत्या त्यांना जेवायला वाढत होती. आजारी माणूस म्हणून वाडग्यात ऊन ऊन पेज आणि तोंडी लावायला न धुताच भाजलेला बांगडा, अंगावर मिठाचे पांढरे खडे तसेच. "आत्या, मीठ बंद सांगितलंय ना!" मी ओरडले. "अगो बाय, पेजेत मिठाचो कण घालूक नाय मी," ती ठसक्यात म्हणाली. वडील खारट बोटं एकेक करून चाटत हसत होते. मला शिसारी आली. आता त्यांचं डायलिसिस चालू आहे. परवा आत्या भेटायला आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "प्रेशराच्या गोळ्यांनीच माझ्या भावाची किडनी खाल्ल्यानी." तिच्या पिशवीला तोच वास येत होता.