मध्यस्थावाचून जुळलेले अणू

हे गेल्यानंतर भेटायला आलेल्या नात्यातल्या एका नव्या सुनेने मला विचारलं की तुमचं लग्न कोणी जमवलं होतं. मी एका सद्गृहस्थांचं नाव सांगितलं. पण खरं म्हणजे ते आमच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

अमरावतीहून अकोल्याला यायचं तर बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे. हे, माझे सासरे आणि मध्यस्थ असे तिघं मला बघायला निघाले होते. बडनेऱ्याच्या फलाटावर मध्यस्थांना कुणीतरी भेटलं. त्याच्याशी दुसऱ्याच एका स्थळाबद्दल बोलत बोलत ते त्याच्यामागून नागपूरच्या गाडीत चढले.

आमच्या बैठकीत पंचाईत झाली. मुलीच्या बापाने विषय काढला तर तो गरजू, मुलाच्या बापाने काढला तर हावरा. काढायचा तो मध्यस्थाने. आणि विषय न निघता पाहुणे उठले, तर तो नकारच. सासऱ्यांनी पावसाची चौकशी केली, वडिलांनी कापसाची. आलूपोहे संपले. मी सतरंजीच्या रेघा बघत होते. याआधीची स्थळं माझ्या वाचनाच्या खोडीला घाबरून परतली होती आणि या मुलाच्या कोटाच्या खिशातून तर गुंडाळलेलं मासिक डोकावत होतं. हे स्थळ जाऊ नये असं मला फार वाटत होतं. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती.

वलगावला शेती करणाऱ्या माझ्या मामांना शांतता सोसत नसे. त्यांनी मुलाला विचारलं, खिशात काय आहे? हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्या मासिकातलं सांगायला जे सुरू झाले! ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत कार्बन आणि हायड्रोजनचे अणू जोडीने राहताना सापडले होते. ते जमतं कसं, हा प्रश्न होता. दोन अणू एकमेकांवर आदळले की त्या धडकेतली ऊर्जाच त्यांना पुन्हा दूर फेकते. आपल्या हवेत गर्दी असते. तिसरा कोणी येऊन ती ऊर्जा घेऊन जातो आणि दोघं टिकतात. तिथे सगळं इतकं विरळ, की तिसऱ्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

"मंग तिथं लगन जमतच नाई म्हना," मामा म्हणाले.

बहुतेक वेळा नाहीच जमत, हे गंभीरपणे म्हणाले. पण क्वचित, त्या भेटीतच, दोघांकडून थोडा प्रकाश बाहेर पडतो. ऊर्जा त्याच्याबरोबर निघून जाते, जोडी राहते.

मामांनी सुपारी गालात सरकवली. "आपला मानूस तर आला नाई, मास्तर. तुमीच टाका ना थोडा उजेड. पोरगी पसंत हाये का नाई?"

सासऱ्यांचा चहा बशीतून सांडला. यांचे कान लाल झाले.

"आहे."

"अन् तुले वं, बाई?"

मुलीला विचारायची रीतच नव्हती, त्यामुळे काय उत्तर द्यायचं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"मला पुढचं ऐकायचंय," मी म्हणाले.

मध्यस्थ दुसऱ्या दिवशी आले आणि रुसले. लग्नात त्यांना मानाचं उपरणं दिलं. ही जोडी आपणच जमवली, असं ते शेवटपर्यंत सांगत. ऐनवेळी ते दूर राहिले, हे लक्षात घेतलं तर ते खोटंही नव्हतं.

पुढचं मला बरीच वर्षं ऐकायला मिळालं. एखाद्या अणूचा इलेक्ट्रॉन निघून गेला की तो अणू इतरांना लांबूनच ओढून घेतो आणि मग एकेकाची भर पडत मोठे रेणू होत जातात, हे यांनी मला तुरीच्या शेंगा सोलताना सांगितलं. या जोड्या मोडतात कशाने, असं मी विचारलं. ताऱ्याचा प्रखर किरण पडला की तुटतात, हे म्हणाले. मग मागे राहिलेला अणू? तो फिरत राहतो. पुन्हा कोणी भेटायला फार काळ जातो.

"त्याला कुठे घाई आहे," असं म्हणून मी शेंगांचं टोपलं यांच्यापुढे सरकवलं होतं.

यंदाच्या शेंगा मी एकटीच सोलते आहे. सावकाश.