मुलाखतीत आलेली आजी

लावण्या बोलता बोलता थांबली आणि मी भिंतीला कान लावला. आत लॅपटॉपवर अमेरिकेतल्या दोन डॉक्टर तिचा इंटरव्ह्यू घेत होत्या. बाहेर मी आणि तिचे वडील. खोलीत दुसरं कुणी नको, हा नियम. पण माझ्या ऑफिसची भिंत प्लायवुडची, तिला नियम काय माहीत!

मी सोलापुरात परदेशी प्रवेशाचं काउन्सेलिंग करते. आपल्याकडे पोरं बारावीनंतर थेट एमबीबीएसला जातात. अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज, मग नव्याने अर्ज करून मेडिकल. कम्बाइन्ड प्रोग्रॅममध्ये दोन्ही जागा एकदम मिळतात. त्या मूठभर, आणि बहुतेक तिथल्याच नागरिकांसाठी. लावण्या जन्मली तिकडेच. पुढे वडील नोकरी सोडून इथले घरचे माग सांभाळायला आले. तिला बोलावणं आलं होतं फक्त या एका कॉलेजचं.

पोरगी मोठी स्वप्नाळू. सराव घेताना प्रश्न विचारला की समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या रंगीत सुताकडे बघत बसायची. मग मीही बघायचे. मागांची खटखट लांबून येत राहायची, आणि आम्ही दोघी कुठल्या कुठे जायचो.

अर्जाला शॅडोइंग लागतं, म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभं राहून बघायचं. सोलापुरात नुसतं उभं कोण राहू देतंय? ओळखीच्या डॉक्टर बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तेलुगू येतं ना तुला? मग ये की पुढं. या आजींना मराठी कळत नाही, तू सांग." झाली पोरगी दुभाषी.

आता इंटरव्ह्यूत तिला प्रश्न आला होता, 'कुणापासून कधी खरं लपवलंस का?' यावर शाळेतल्या प्रोजेक्टचं गुळगुळीत उत्तर आम्ही घोटून ठेवलं होतं.

ते अर्ध्यावरच सोडून ती झोपेत बोलावं तशी हळू बोलू लागली. "एका आजींच्या पोटात गाठ होती. कॅन्सर असावा, असं डॉक्टर म्हणाल्या. आजींच्या मुलाने मला डोळ्यांनी खुणावलं, सांगू नको. आमच्याकडे घरच्यांनाच आधी सांगतात. मी म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. आजींनी माझा हात धरला. 'मी मरणार का गं?' मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. त्या म्हणाल्या, 'मग तू इथं का उभी आहेस?'"

वडील कुजबुजले, "मॅडम, हे आपलं ठरलं नव्हतं की!"

"गप बसा हो," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते.

"पुन्हा तीच वेळ आली तर?" आतून विचारलं गेलं.

"आधी आजींनाच विचारीन, तुम्हाला किती ऐकायचंय?" लावण्या म्हणाली. "आणि त्या सांगतील तेवढं सांगीन. त्या दिवशी मला कुणालाच काही विचारायचं सुचलं नाही."

महिनाभराने निकाल आला. दोन्ही जागा मिळाल्या. वडिलांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून माझ्याकडे येणारे पालक एकच मागणी करतात. "मॅडम, ते आजीचं उत्तर आमच्या पोरालाबी पाठ करून द्या की."

उत्तर देईन हो. आजी कुठून आणू?