उजवा जळगावचा, डावा यावलचा

टेबलावर ठेवताच पिल्लाने डोकं झटकलं आणि माझ्या चष्म्यावर काहीतरी ओलं उडालं. वास आला. जखम चिघळली की येतो तोच. पिल्लाच्या दोन्ही कानांवर निळं प्लॅस्टिक चढवलेलं आणि खाली सुतळीची गाठ.

"नाना, हे काय आहे?"

"पिशवी. केळीच्या घडाले घालतो ना आपन, ती."

मी यावलला जनावरांची डॉक्टर आहे. म्हशी, बकऱ्या, बैल हे माझं रोजचं काम. सुधाकरनाना केळीवाले. त्यांच्या गोठ्यात म्हैस अडली की पहिला फोन मला येतो. पण डॉबरमनचं पिल्लू आणलं, त्याचे कान कापायची वेळ आली, तेव्हा गाडी काढून थेट जळगाव. तिथल्या डॉक्टर समीरकडे.

खरं सांगायचं तर आधी ते माझ्याकडेच आले होते. डॉबरमनचे कान जन्मतः लोंबते असतात. लोक ते कापून टोकदार करून घेतात आणि मग उभे राहावेत म्हणून महिनोन्महिने बांधून ठेवतात. कुत्र्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आमच्या व्यवसायात हे आता चुकीचं मानतात. मी करत नाही. तसं मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "पन आमच्या चुलतभावाच्या कुत्र्याचे कान पाह्यले का तुम्ही? कसे ताठ! त्याच्यासमोर माह्या बादशाहचे कान काय असे लोंबते ठेवू?" आणि गेले. तत्त्व माझ्याकडे राहिलं, गिऱ्हाईक समीरकडे गेलं.

समीर माझ्या वर्गातला. त्याचं क्लिनिक म्हणजे काचेचं दार, एसी, रिसेप्शनला मुलगी, भिंतभर कुत्र्यांचे फोटो. माझ्याकडे पत्र्याची शेड आणि म्हैस बांधायचा लोखंडी खोडा. कॉलेजातही सर्जरीचे सर त्यालाच पुढे बोलवायचे. मी मागे उभी राहून टाचा उंचावून बघायचे. इतकी वर्षं झाली, त्याचं नाव निघालं की अजून माझ्या पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं, लपवायचं कशाला?

त्यामुळे त्या दिवशी पिशवी सोडताना माझ्या मनात काय होतं तेही सांगते. समीरची चूक सापडावी, एवढंच मनात होतं.

पिशवी काढली. आतली चिकटपट्टी ओलाव्याने गिच्च झालेली. ती भिजवून भिजवून सोडवली. बादशाह कुईकुई करत होता, तरी माझा हात चाटत होता. मग मी टाक्यांची रेघ बघितली. एका बाजूने बघितली, दुसऱ्या बाजूने बघितली, भिंग लावून बघितली. एकही टाका तिरका नाही. दोन्ही कानांचं माप सारखं. मेल्याचा हात अजून तसाच होता.

"नाना, पिशवी कोणी घालायला सांगितली?"

"कोनीच नाही. जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, पानी लागू देऊ नका, डाग पडू देऊ नका. मंग घडाले काय करतो आपन? पिशवीच घालतो ना?"

घडाला पिशवी घातली की साल स्वच्छ राहते, भाव चांगला येतो. नानांनी पिल्लालाही एक्स्पोर्टचा माल समजून जपलं होतं. पण ताज्या जखमेला हवा लागते. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडली, त्यात जंतू माजले. उजवा कान वरवरच बिघडला होता. डाव्याची कड काळी पडली होती आणि सूज खाली कूर्चेकडे निघाली होती. कूर्चा म्हणजे कानातलं ते लवचिक हाड. तिथे पू शिरला तर अख्खा कान आक्रसतो, काही वेळा काढूनच टाकावा लागतो.

मी समीरला फोन लावला. ऑपरेशन त्याचं होतं, कळवणं भाग होतं.

"डाव्याची पट्टी मी काढून ठेवतेय," मी म्हणाले. "जखम उघडी ठेवायची आहे."

"अगं, या वयात पट्टी सोडलीस तर कान परत उभा राहणार नाही."

"पट्टी ठेवली तर कानच राहणार नाही."

"तू बघते आहेस ना? मग मला काळजी नाही. तुझं ड्रेसिंग कॉलेजातही सगळ्यात चांगलं असायचं."

भांडला असता तर बरं झालं असतं. हा असा गोड बोलतो आणि माझा आणखीनच तिळपापड होतो.

नानांना समजावणं त्याहून अवघड गेलं.

"एक उभा आन् एक पडेल? मॅडम, भाऊबंद हसतील मले!"

"हसू द्या. एक उभा आणि एक गायब, हे चालेल का?"

नाना बादशाहच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तोडू नका पन. लेकरू हाये ते."

मग सुरू झालं खरं काम. डाव्या कानाची काळी कड कापून टाकली. रोज सलाइनने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम अगदी पातळ लावायचं. इंजेक्शनं चालू. पंजाने खाजवू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा फनेल. उजवा कान लवकर सुकला, तेव्हा त्याला पुन्हा आधार दिला. कानाच्या आत फोमची सुरळी ठेवायची आणि बाहेरून श्वास घेईल अशी कागदी चिकटपट्टी. फोम नानांच्या पॅकिंग शेडमधलाच, केळीच्या फण्यांमध्ये घालतात तो. नाना खूश झाले. "म्हंजे केळीचं काहीतरी लागलंच!" पट्टी दर थोड्या दिवसांनी सोडायची, वास घ्यायचा, लाली बघायची, मग नवी बांधायची. त्यासाठी नाना बादशाहला स्कूटरवर पुढ्यात बसवून न चुकता यायचे. माझ्या शेडमध्ये म्हशी थांबायच्या आणि बादशाह आधी जायचा.

डावा कान वाचला. बाहेरून त्याला फक्त एक छोटी खाच राहिली. पण टोक पुढे दुमडलं ते दुमडलंच. उजवा मात्र असा उभा राहिला की बघत राहावं.

पुढे एकदा नानांच्या शेडवर गेले होते. व्यापारी बसलेले, चहा चाललेला, चुलतभाऊही होता. नानांनी बादशाहला बोलावलं आणि सगळ्यांना ओळख करून दिली. "हा उजवा कान जळगावच्या डॉक्टरचा. आन् हा डावा आपल्या मॅडमचा."

सगळे हसले. मीही हसले. आतून मात्र अशी जळले की चहा कडू लागला. अहो, उजवाही मीच बांधला होता!

नंतर कामानिमित्त समीरच्या क्लिनिकमध्ये जाणं झालं. भिंतीवर बादशाहचा मोठा फोटो. उजवीकडून काढलेला. एकच कान दिसतो, ताठ.

"मस्त आलाय ना?" समीर म्हणाला.

"मस्त," मी म्हणाले.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच: कान कापायचं काम एका दुपारी उरकतं, राखायचं महिनोन्महिने पुरतं, आणि भिंतीवर फोटो लागतो तो कापणाऱ्याच्या. ज्यांना पिल्लू घ्यायचं आहे त्यांनी कान आहेत तसेच ठेवावेत. ऐकू तेवढंच येतं.

परतल्यावर मी नानांना फोन केला आणि बादशाहला घेऊन यायला सांगितलं. फोटो काढला, डावीकडून. दुमडलेलं टोक, खाच, सगळं स्पष्ट. फ्रेम करून माझ्या शेडच्या दारासमोरच लावलाय, समीर आत शिरला की पहिला तोच दिसेल असा. काच मी रोज पुसते. समीर अजून आलेला नाही.