बासवाल्या ताई

"मान हलव. नाई गा, देवळातल्यासारखी नाई. वरातीत नाचतो तशी हलव."

नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या दुकानात हेडफोन घ्यायला गेलेल्या माणसाला ताई पहिल्यांदा हेच सांगायच्या. गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं, कोणी ओळखीचं नाही ना याची खात्री करून घ्यायचं आणि लाजत लाजत मान हलवायचं. हेडफोन कानावरून जरा जरी सरकला की ताई तो काढून घ्यायच्या.

"हा तुझा नाई. सरकला का फट पडली. फट पडली का बास गेला."

बास म्हणजे आवाजातली ती खालची धडधड, जी कानाच्या आधी छातीला कळते. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तीच हवी असायची. म्हणून आसपासचे सगळे त्यांना बासवाल्या ताई म्हणायचे. तुमच्यापैकी कोणी त्या काळात तिथे हेडफोन घेतला असेल तर तुम्हीही मान हलवली असणार.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. आमची ओळख झाली ती अशी. एका दुपारी त्या एका तरुणाला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र त्याच्या गळ्यात होतं आणि चेहऱ्यावर पकडून आणल्याचा भाव होता.

"भाऊ, याच्या चष्म्याची काडी बारीक करून द्या."

"काहून? नंबर बदलला का?"

"नंबर नाई, बास. काडी जाड हाये. तिच्यानं हेडफोनची गादी उचलल्या जाते."

इतकी वर्षं मी चष्मे बनवतोय, पण काडीमुळे कोणाचं गाणं बिघडत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी बारीक काडीची फ्रेम काढून दिली. ताईंनी तिथेच, माझ्या आरशासमोर, त्याच्या कानावर हेडफोन बसवला. पोराचे डोळे मोठे झाले. "अरे, हे तर होतं यात!" ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहा, हेडफोनची काही चूक नव्हती. उगाच वापस करून राहिला होता."

त्या पंचेचाळिशीच्या, अंगाने बारीक, सुती साडी कडक इस्त्रीची. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' असं म्हणायच्या. आवाज मात्र खणखणीत. त्या दुकानात बोलायच्या आणि मी इकडे काउंटरवर बसल्या बसल्या हेडफोनविद्या शिकत होतो. कानात घालायच्या इयरफोनच्या रबरी टोप्यांची मापं असतात, हे मला असंच कळलं. "दोन्ही कान एकाच मायचे असले तरी माप एक नसते," असं सांगून त्या डाव्या कानाला मोठी आणि उजव्याला मधली टोपी बसवून द्यायच्या. आवाज वाढवा म्हणणाऱ्याला त्या आवाज कमी करून टोपी बदलून द्यायच्या, आणि त्याला वाटायचं बास वाढला.

त्यांच्या फोनमध्ये एक ध्वनिमुद्रण होतं. त्यांच्या माहेरच्या घरामागून रेल्वेलाइन जायची. एकदा मालगाडी जात असताना त्यांनी ते टिपलं होतं. आधी दुरून घरघर, मग जमीन हादरवणारी धडधड, डबे संपता संपत नाहीत. आणि त्या धडधडीत त्यांची आई अंगणातून कोणाला तरी सांगतेय, "वांगे आणजो, पण बिया कमी असलेले पाहून आणजो!" गिऱ्हाइकाला त्या हे ऐकवायच्या. गाडी छातीत वाजली पाहिजे आणि आईचं बोलणंही कळलं पाहिजे. गाडीखाली बाई दबून गेली तर तो हेडफोन त्या परत कपाटात ठेवायच्या. 'बिया कमी असलेले' ऐकलं की गिऱ्हाईक हमखास हसायचं. ते हसू आलं की माल पसंत.

विलास हसला नाही.

विलास धुमालमध्ये पॅड वाजवायचा. धुमाल म्हणजे आमच्या नागपूरची वरातीची, मिरवणुकीची वाजंत्री. गाडीवर माणसापेक्षा उंच स्पीकर रचलेले, पुढे ढोल, ताशे, बेंजो, आणि मधे विजेवर चालणारे पॅड. चाळिशीचा, गोरा, हसरा माणूस. वीस वर्षं त्या स्पीकरांना पाठ लावून उभा राहिलेला. घरी सराव करायला त्याला हेडफोन हवा होता.

"ताई, दणका पाहिजे. यात नाई ना दणका."

ताईंनी एक दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. मान हलवून झाली. गाद्या घट्ट बसल्या होत्या. शेवटी त्यांनी मालगाडी लावली.

"बाई काय म्हणते?"

"कोणती बाई?"

ताईंनी पुन्हा लावलं. विलास डोळे मिटून ऐकत होता. "गाडी येऊन राहिली. मस्त. कोणीतरी हं हं करून राहिलं मागं."

मी तेव्हा चहा घेऊन त्यांच्या दुकानात गेलो होतो. ताईंचा चेहरा बदलताना मी पाहिला. त्यांनी हेडफोन काढून घेतला, त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात नाही, अगदी हळू म्हणाल्या, "विलास, चहा घेतो का?" विलास समोरच्या कपाटाकडे बघत राहिला.

"मी तुले हेडफोन देत नाई," त्याच्यासमोर येऊन त्या म्हणाल्या. "पहिले कान तपासून ये."

विलास आधी हसला, मग चिडला. "मी बहिरा हाव का? पैसे घेऊन आलो न मी!" मालक आतून बाहेर आले. गिऱ्हाइकासमोर त्यांनी ताईंना नाही नाही ते ऐकवलं. विलास निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून ताईंची जागा बदलली. हेडफोनच्या काउंटरवरून उचलून मोबाइलच्या कव्हरांपाशी.

दुपारी डबा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं रडतील. त्या शांतपणे पोळीचा घास मोडत होत्या.

"माहे बाबा यंत्रमागावर होते," त्या म्हणाल्या. "आजा हातमागावर, बाबा यंत्रमागावर. पस्तीस वर्षं तो खडखडाट. घरी आले का आम्ही वरडून बोलायचो. बाबा म्हणायचे, आवाज तर येते पण समजत नाई काही, नुसतं घुमते. आम्हाले वाटे, लक्ष देत नाई. माय भांडे त्यांच्याशी. मंग ते बोलनंच सोडून बसले. ओसरीत बसून राहत दिवसभर. कान गेले हे आम्हाले समजलं तवा लय उशीर झाला होता. कानाची मशीन आणून दिली, एक दिवस नाई घातली त्यांनी."

त्या मोठ्याने का बोलतात हे मला त्या दिवशी कळलं.

"मालकानं काढलं तर?" मी विचारलं.

"काढू द्या. पण विलास अजून बोलून राहिला न भाऊ. तो बोलनं सोडाच्या आत त्याले पकडाव लागते."

आणि त्यांनी त्याला पकडलंच. रविवारी सुट्टीच्या दिवशी त्या पत्ता काढून त्याच्या घरी गेल्या. विलास घरात असून बाहेर आला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. या वेळी त्याची बायको, सुनंदा, त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "टीव्हीचा आवाज एवढा करते हे, ताई, का शेजारची बाई भांडाले येते. अन् मी काही म्हटलं का 'काय?' दहा वेळा 'काय?'" तिसऱ्या रविवारी विलास स्वतःच दारात उभा होता. हात जोडून म्हणाला, "ताई, धुमालवाल्याईले समजलं का माहे कान गेले, तर ते मले एका दिवसात काढते. मंग मी काय करू? मले दुसरं काही येत नाई."

भीतीचं मूळ तिथे होतं. ताईंनी ते ऐकून घेतलं.

"मी कोणाले नाई सांगत. तू तपासून ये. मंग नागपुरातला सगळ्यात चांगला बास मी तुले शोधून देतो. हे माहं वचन."

सरकारी दवाखान्यात ताई त्या दोघांसोबत गेल्या. तपासणीच्या कागदावरची रेघ एका ठिकाणी उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक, वरचे आवाज बरेच गेले आहेत; गेलेलं परत येणार नाही; पण उरलंय ते पुष्कळ आहे आणि ते वाचवता येईल. वाजवताना कानात फोमचे बोळे घालायचे, आणि हेडफोन वापरायचा तर आवाज कमीच ठेवायचा.

बोळ्यांचं नाव काढताच विलास बिथरला. "कान बंद करून ताल कसा पकडू? चार मात्रा चुकल्या तर मंडळवाले मारतीन मले."

"चुकते का नाई ते मी पाहून सांगतो," ताई म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता. विसर्जनाच्या दुपारी विलासची धुमाल आमच्या रस्त्याने आली. दुकानांच्या काचा थरथरत होत्या. लोक नाचत होते. आणि त्या उंच स्पीकरांच्या अगदी शेजारून, इस्त्रीची साडी नेसलेल्या ताई चालत होत्या. दोन्ही कानांत फोमचे बोळे. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताची बोटं ताल मोजत. मी हात हलवला तर त्यांनी मला थांबायची खूण केली. हिशेब चुकला असता! गाडीवरून विलास खाली त्यांच्या बोटांकडे बघत होता. चौकापर्यंत त्या तशाच गेल्या, मी मागोमाग. मग त्यांनी थांबून वर पाहिलं आणि पदराच्या टोकातून बोळ्यांची दुसरी जोडी काढून त्याच्यापुढे धरली. विलासने ताल न सोडता, एका हाताने वाजवत, ती घेतली. एक कान, मग दुसरा. पुढच्या चौकात तो ताईंना नाही, सुनंदाला बघून हसला. ती गर्दीत उभी होती.

एकही मात्रा चुकली नाही.

वचन पाळायला ताईंना महिना लागला. कव्हरांच्या काउंटरवरून त्या मधल्या सुट्टीत हेडफोनच्या कपाटाशी जायच्या, एकेक कानावर लावून बघायच्या. ज्यांच्या खोक्यावर बासचं नाव मोठ्या अक्षरात होतं ते त्यांनी आधीच बाजूला केले. "हे नुसते फुगलेले हायेत. आतून पोकळ." शेवटी त्यांनी एक जड, साधा, काळा हेडफोन निवडला. गाद्या जाड आणि मऊ, कान पूर्ण झाकणाऱ्या, बाहेरचा आवाज आत येऊ न देणाऱ्या. बाहेरचं शांत झालं की आवाज वाढवावा लागत नाही आणि बास कमी आवाजातही खोलवर उतरतो, असं त्यांचं गणित. विलासच्या फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावून दिली आणि पासवर्ड सुनंदाला सांगितला.

विलासने ऐकलं. त्याची बोटं मांडीवर वाजू लागली.

"दणका हाये ताई," मग म्हणाला. "एवढ्या कमी आवाजात कसा?"

मालकांनी ताईंना परत हेडफोनपाशी बसवलं, कारण त्यांच्या नावाने विचारत येणारे लोक काही थांबले नव्हते. पण ताईंचं मन तिथून उठलं होतं. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. कारखान्यांत जाऊन कामगारांचे कान तपासणाऱ्या एका छोट्या संस्थेत त्यांना काम मिळालं होतं. जाताना मला म्हणाल्या, "भाऊ, गिऱ्हाईक येईपर्यंत कोण थांबते? आता मीच जातो त्याईच्याकडं."

त्यांच्या जागेवर आता एक गोड मुलगी बसते. ती कोणाला मान हलवायला सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात डोळे तपासणीच्या शिबिरासाठी मी खाप्याकडे एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गेलो होतो. कापसाचे तंतू हवेत, यंत्रांचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं कळेना. आणि शेडच्या टोकाला, केसांवर कापूस चिकटलेल्या, ताई. बायांच्या रांगेत एकेकीचा कान वर ओढून बोळा बसवत होत्या, तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवत होत्या. मी हात केला. त्यांनी बघितलं, हसल्या, आणि रांगेकडे बोट दाखवलं. म्हणजे हे संपल्याशिवाय चहा नाही.

मी वाट पाहिली. रांग संपली, एक म्हातारी सोडून. तिने बोळा बसवून घेतला, चार पावलं गेली आणि काढून फेकला. ताईंनी तिला परत आणलं, नवा बसवला. तोही तिने काढला. आमची गाडी निघायची वेळ झाली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दारातून मी मागे वळून पाहिलं. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्यासमोर ताई, तळहातावर तिसरी जोडी घेऊन.