डरकाळी आणि दांडिया

डरकाळी, म्हणजे आम्ही हे नाव ठेवलेला आमचा मित्र, बोलायला लागला की समोरच्याने कान पुढे न्यायचा. रिक्षावाल्यालासुद्धा पत्ता दोनदा सांगावा लागे. आणि हाच माणूस गायला उभा राहिला की पोटातून असं काही काढायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, याला धरून दवाखान्यात न्यावं. नव्वदीच्या सुरुवातीला अख्ख्या मीरा रोडमध्ये हेवी मेटल गाणारा तो एकटाच असावा.

बँड म्हणजे तो, गिटारवर हितेश आणि ड्रम्सवर मी. प्रॅक्टिस हाटकेशला, माझ्या मामाच्या गाळ्यात. तीही शेजारचं पत्रा कापायचं प्रेस मशीन धडधडत असेल तेव्हाच, म्हणजे तक्रार नको. एकदा ऐन गाण्यात लाइट गेली. गिटार बंद, मशीन बंद, डरकाळी मात्र डोळे मिटून चालूच. शेजारचे कामगार धावत आले, "किसका हाथ गया?" आम्ही पोट धरधरून हसलो. तो ओशाळून म्हणाला, "एकदा स्टेजवर गाऊ दे रे. मग बंद केलं तरी चालेल."

स्टेज मिळालं ते नवरात्रात. इंद्रलोकमधल्या एका मंडळाच्या दांडियाची सुपारी हितेशने घेतली. गिटार ठेवून त्याने कीबोर्ड आणला, माझे ड्रम्स जाऊन ऑक्टोपॅड आला आणि गायला भाईंदरच्या दोघी बहिणी आल्या. "पब्लिकला नाचायचंय यार, घाबरायचं नाहीये," हितेश म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं, हेच वाईट. डरकाळीला अनाउन्समेंट दिली.

तो इस्त्रीचा कुर्ता घालून आला. हातात खराखुरा माईक, आणि काम काय, तर गेटसमोरची स्कूटर हटवा. रोज तो हळूच हितेशला विचारी, "आज एक?" हितेश म्हणे, "लास्टच्या दिवशी बघू." लास्टच्या दिवशी बक्षिसं होती. उत्कृष्ट वेशभूषा, उत्कृष्ट जोडी. सगळी नावं डरकाळीनेच पुकारली. तोवर मैदान रिकामं झालं आणि साउंडवाला वायरी गुंडाळायला लागला. डरकाळीने बंद माईक तोंडाशी धरला, मग तो साउंडवाल्याच्या हातात दिला. माझा जीव तुटला. पुढच्या वर्षी मंडळाने आपलाच अनाउन्सर ठेवला. डरकाळीला कुणी बोलावलं नाही, आणि तोही आला नाही.

काही वर्षांनी पेणकरपाड्याच्या स्टॉपवर भेटला, बोट धरून पाचेक वर्षांची मुलगी. मी विचारलं, "काय रे, गातोयस की नाही?"

मुलीने चमकून वर पाहिलं. "बाबा, तू गातोस?"

"नाही गं," तो म्हणाला. "काका मस्करी करतायत."

तिला ते लगेच पटलं.