आत्याबाईंची मिशरी

मी मिशरी लावते. लग्नाआधीपासून लावते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी ओट्यावर बसून बोटाने दातांना घासायची. वाईट असते हे माहीत आहे. पण दात राहिलेत किती, आता डॉक्टरचे ऐकून काय करू? फक्त ईस्टरच्या आधी उपवासाचे दिवस असतात तेव्हा मी ती सोडते. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, ज्यावर जीव आहे ते सोडावे. मटणावर माझा जीव नाही, ते चावलेच जात नाही. म्हणून मिशरी.

सुरुवातीला डोके चढते. सुनेवर उगाच खेकसते. हात आपोआप डबीकडे जातो. तेव्हा मी प्रभूची प्रार्थना म्हणते आणि हात मागे येतो. कधी दुसऱ्यांदा म्हणावी लागते. यात चमत्कार काही नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारच्या पोरीला पाहुणे बघून गेले. मुलगा आष्टीकडचा. पोरगी पसंत पडली, आता राहिली चौकशी. आमच्याकडे चौकशी घरच्यांना विचारून होत नाही, शेजाऱ्यांना विचारून होते.

आणि शेजारणीचे नि माझे वाकडे. तिच्या मोरीचे पाणी वर्षानुवर्षे माझ्या दारात येते. सांगायला गेले की म्हणते, "तुमच्या देवाला सांग की, तो आटवील." त्यातून मला एक गोष्ट ठाऊक होती. डोळ्याचे औषध आणायला परळीला गेले तेव्हा ही पोरगी बसस्टँडवर कॉलेजच्या एका पोराबरोबर एका प्लेटमधली भजी खाताना दिसली होती. दोघे हसत होते. त्यापुढे मी काही पाहिले नाही. पण सोयरीक मोडायला तेवढे पुरते, आणि मोडली की पोरीचे कॉलेजही त्याच दिवशी बंद झाले असते.

मुलाची आत्या दुपारी माझ्याकडे आली. ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि कमरेची डबी काढून माझ्यापुढे धरली.

"घ्या मावशी. घरची भाजलेली हाय."

वासच असा आला की तोंडाला पाणी सुटले. बायका मिशरी घेऊन बसल्या की तासभर उठत नाहीत, आणि त्या तासात गावातले एकही घर सुटत नाही. आत्याबाईंना हे चांगले माहीत होते. मलाही.

मनात प्रार्थना सुरू केली. मिशरीसाठीच केली, खोटे कशाला सांगू. पोरीचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता. होते ते मोरीचे पाणी.

"नको," मी म्हटले. "आमचे उपवासाचे दिवस हायत."

"मिशरीचा बी उपास?"

"मिशरीचाच."

आत्याबाईंनी डबी मिटली. एकटीने लावायची त्यांनाही गोडी वाटेना. मग सरळच विचारले, "पोरगी कशी हाय?"

"चांगली हाय. कामाला वाघ हाय. मला हंडा उचलू देत न्हाई."

"कुणाबरोबर बोलताना, हिंडताना दिसली का कधी?"

नाही म्हटले तर खोटे. हो म्हटले तर खरे, पण ते मी तिच्या आईवर सूड म्हणून बोलले असते, हे मला पक्के कळत होते. जीभ शिवशिवत होती. तोंडात मिशरी असती तर बोलून गेले असते.

"पोरीला तोंड हाय, बाई," मी म्हटले. "तिलाच विचारा."

आत्याबाई पदर झटकत उठल्या. "लई फटकळ बाई तुमी, मावशी."

त्या गल्लीच्या टोकाला पोचतात तोच शेजारीण दारात आली. "काय गं म्हातारे, काय सांगितलंस तिला? माझ्या लेकराचं वाटोळं करतीस व्हय?"

तिच्या मागे उंबऱ्यात पोरगी उभी होती. तिचे तोंड पांढरे पडले होते. बसस्टँडवर तिनेही मला पाहिले होते, हे मला तेव्हा कळले. आत्याबाईंपुढे आवरलेली जीभ आता पुन्हा आवरायची होती, आणि या खेपेला ते जास्त जड गेले.

"पोरगी चांगली हाय म्हणून सांगितलं," मी म्हटले. "तू कशी हायस ते तिनं विचारलंच न्हाई."

लग्न जमले. आत्याबाईंनी पोरीला विचारले का आणि तिने काय सांगितले, ते मला माहीत नाही. आत्याबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी फावडे घेऊन आली. मोरीपासून चर खणून पाणी तिने त्यांच्याच परड्यातल्या केळींकडे वळवले. माझ्याकडे बघितले नाही.

ईस्टरला चर्चमधून आल्या आल्या मी मिशरी लावली.

पोरगी सासरी गेली. चर गाळाने बुजला आणि पाणी परत माझ्या दारात आले. आता फावडे मीच मारते. शेजारीण दारातून बघते. मला पुष्कळ बोलता येईल. फावडे मारताना मी प्रार्थना म्हणते.