दरवाज्यावरची रागीट राणी

राजानं हा दरवाजा एका विजयाच्या आठवणीसाठी बांधायला घेतला. विजय कुणावर, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. काम इतकं रेंगाळलं की राजा गेला, ज्याला हरवलं तोही गेला आणि उरलेलं बांधकाम मुलाच्या गळ्यात पडलं. मुलाला लढाईत रस नव्हता, राण्या मात्र पुष्कळ होत्या. त्यानं कमानीवर सगळ्यांच्या चुन्यातल्या मूर्ती ओळीनं बसवल्या, म्हणजे कुणाला कमी-जास्त वाटायला नको. वर सिंह, वेली, पाखरं, आणि जिथे बोटभर जागा मिळाली तिथे फूल. गावानं त्याला मोठा दरवाजा म्हणायला सुरुवात केली आणि खालून भाजीच्या गाड्या न्यायलाही.

उन्हापावसात मूर्तीचं आधी नाक जातं. ती नाकं पुन्हा बसवणं हे मिस्त्रीचं काम. पुरातत्त्व खात्यात त्याचा हुद्दा काही का असेना, गावात तो नाकमिस्त्रीच. माणूस हाताचा कसबी, पण बोलण्यात भलताच कंजूष.

एका वर्षी वीज पडून शेवटच्या राणीचा अख्खा चेहराच गेला. साहेबांचा हुकूम आला: चेहरा पूर्वीसारखा करावा. पूर्वी तो कसा होता हे साहेबांना ठाऊक नव्हतं आणि मिस्त्रीलाही नाही, कारण त्यानं तिच्या नाकापलीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. नेमका तेव्हाच सासरे अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. बायको म्हणाली, आजच निघू. मिस्त्री म्हणाला, बडे पाहुणे यायचेत, दरवाजा झाला की दोघं मिळून जाऊ. सासरे काही दरवाजा होईपर्यंत थांबले नाहीत. बायको एकटीच माहेरी जाऊन आली आणि स्वयंपाकाला लागली. भांडली नाही, त्याच्यासमोर रडलीही नाही. मिस्त्री परांचीवर चढला, ओला चुना हातात घेतला, पण हाताला दुसरा कुठलाच चेहरा सुचेना.

राणी झाली. ओठ घट्ट मिटलेले, एक भुवई किंचित वर, नजर समोरच्या माणसाच्या पार पलीकडे. खालून नुसती हनुवटी दिसते, ती पाहून साहेब खूश झाले. दुर्बीण घेऊन येणाऱ्यांसाठी गाइड लोकांनी गोष्ट रचली, की राजा न सांगता मोहिमेवर गेला म्हणून ही रुसली. सरकारी पुस्तिकेत 'घराण्याचा करारी बाणा' असं छापून आलं. मिस्त्रीला मात्र मनातून गुदगुल्या होत. आपण आपल्या बायकोला राणी करून ठेवलंय, हे त्याला जन्मातलं सगळ्यात मोठं काम वाटे. फक्त ते तिला सांगायचं राहून गेलं होतं.

यंदा लांबच्या कुठल्याशा घराच्या माळ्यावर दरवाज्याचा जुना फोटो सापडला. त्यात शेवटची राणी चांगली गोलमटोल आणि हसरी निघाली. नव्या साहेबांनी चेहरा बदलायचा हुकूम काढला. परांची उभी राहिली. उद्या हा चेहरा गेला की बायकोला दाखवायला काही उरणार नव्हतं.

"जरा दरवाज्यापाशी चल," तो म्हणाला.

"भाजी सकाळीच आणलीय मी."

"भाजीसाठी नाही. वर चढायचंय."

तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग स्वतःच्या गुडघ्यांना, शिडीला आणि शिडी बांधणाऱ्याला नावं ठेवत ती चढली. रखवालदारानं शिडी धरली आणि आपण काही पाहिलंच नाही असा चेहरा केला. वर पोचून दम खाल्ल्यावर तिनं मान उचलली. राणी आणि ती समोरासमोर आल्या.

मिस्त्री कौतुकाची वाट पाहत उभा राहिला.

"हे बाबा गेले तेव्हाचं," ती म्हणाली.

"हो. म्हणजे, तूच आहेस ती."

"दिसतंय मला." तिनं राणीच्या भुवईवरून बोट फिरवलं. "मला वाटायचं, तुमच्या लक्षातच आलं नाही. कामाच्या नादात होतात. म्हणून मी सोडून दिलं होतं."

मिस्त्रीनं हत्यारांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तुम्हाला तर सगळं दिसलं होतं," ती म्हणाली. "ही ओठाजवळची रेघसुद्धा."

मिस्त्रीला इतकी लाज वाटली की कुठे पाहावं कळेना. खाली पाहिलं तर रखवालदार, समोर पाहिलं तर ती, आणि बाजूला पाहिलं तरी तीच.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"हो, चुकलंच." तिनं हातानंच डोळे पुसले. "कधी काढायचंय हे?"

"उद्या."

"उद्या कशाला? आत्ता काढा. मी बसते इथे."

ती फळीवर बसली. मिस्त्रीनं पिशवीतून छिन्नी काढली आणि भुवईपासून सुरुवात केली.